मेल पत्त्यावर क्लिक केलं की थंडरबर्ड काहून उघडत नाही?

सेतू_घाटंजी
सेवा केंद्रातला पीसी, विंडोज ११. थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम टाकलेला आहे, शेतकरी कंपनीचं जीमेल खातं त्यात नीट चालून राहिलं. पण वेबसाइटवरच्या मेल पत्त्यावर क्लिक केलं की क्रोम नवीन टॅबमध्ये जीमेल उघडते, अन् तेही मघाच्या गिऱ्हाइकाचं. फायरफॉक्समधून दाबलं तर आउटलुक येते अन् खातं जोडा म्हणते. मले दोन्हीकडून थंडरबर्डच पायजे, कारण लाइन गेली का राउटर बंद, अन् टॅबमध्ये लिहिलेली मेल अर्धवट लटकते. थंडरबर्डनं सुरुवातीला डिफॉल्ट करू का विचारलं, तेव्हा हो म्हटलं होतं. अजून एक, आमच्या कंपनीच्या पानावर मराठी मजकूर आधीच भरलेली मेलची लिंक आहे, ती क्रोममध्ये दाबली तर काहीच होऊन नाही राहिलं.

पऱ्हाटी
भाऊ, क्लिक आधी ब्राउझरच्या हाती पडते. त्याच्याकडे स्वतःची नोंद असली तर तो विंडोजला विचारतही नाही. म्हणून आधी ब्राउझर बाजूला ठेवून तपासा. कीबोर्डवरची विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा, छोटी चौकट येईल. तिच्यात इंग्रजीत एम-ए-आय-एल-टी-ओ (मेलटू, मेलची प्रत्येक लिंक यानंच सुरू होते), त्याला चिकटून कोलन, त्याला चिकटून कुठलाही मेल पत्ता, मग एंटर. थंडरबर्डची कोरी मेल उघडली तर विंडोज बरोबर आहे आणि घोळ ब्राउझरचा. आउटलुक उघडलं तर घोळ विंडोजचा. तुमच्या फायरफॉक्सची तऱ्हा पाहता आउटलुकच उघडेल असं वाटते.

थंडरबर्डला हो म्हटल्यानं काम होत नाही. आताच्या विंडोजमध्ये प्रोग्राम परस्पर स्वतःला डिफॉल्ट करून घेऊ शकत नाही, निवड आपल्यालाच करावी लागते. सेटिंग्ज, ॲप्स, डिफॉल्ट ॲप्स. तिथं वरच्या शोधचौकटीत मेलटू टाका, कोलन नको. खाली सध्याचा प्रोग्राम दिसेल, त्यावर क्लिक, यादीतून थंडरबर्ड, मग 'सेट डिफॉल्ट'. हे शेवटचं बटण दाबायचं बरेच जण विसरतात आणि खिडकी तशीच बंद करतात.

यादीत थंडरबर्डच नसेल तर ते पेन ड्राइव्हवरचं पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं, किंवा झिपमधून नुसतं उलगडलेलं असणार. तसली प्रत विंडोजच्या दप्तरी नसते. इन्स्टॉलरनं रीतसर टाका, मग यादीत येईल.

खुर्चीवरून
सेतूभाऊ, क्रोमचं कारण सरळ आहे. कोणीतरी जीमेल उघडलं असताना पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे एकात एक अडकलेले दोन चौकोन येतात, 'जीमेलला मेलच्या लिंका उघडू देऊ का' असं विचारतात. एकदा 'अलाउ' दाबलं की ती क्रोमची स्वतःची नोंद झाली. मग विंडोजमध्ये शंभरदा थंडरबर्ड लावा, क्रोम जीमेलच उघडणार. आणि जीमेलमध्ये दोन-तीन खाती लॉगिन असली तर जे पहिलं, ते उघडते. म्हणून गिऱ्हाइकाचं खातं. हे नुसतं गैरसोयीचं नाही, त्याच्या नावानं तुमच्या कंपनीची मेल जाऊ शकते.

काढायचं असं: क्रोमची सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, खाली ॲडिशनल परमिशन्स, त्यात प्रोटोकॉल हँडलर्स. जीमेलची ओळ असेल, ती रिमूव्ह करा. त्याच पानावर वर दोन पर्याय असतात. सेवा केंद्राच्या पीसीवर 'साइट्सना परवानगी देऊ नका' हाच ठेवा, नाहीतर पुढचं गिऱ्हाईक पुन्हा 'अलाउ' दाबेल. गिऱ्हाइकासाठी क्रोमची गेस्ट खिडकी उघडायची सवय लावली तर अजून बरं.

फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, मग खाली ॲप्लिकेशन्सची यादी. तिच्यात मेलटूची ओळ शोधून समोर विंडोजचं डिफॉल्ट निवडा. बदल टिकतच नसेल तर फायरफॉक्स बंद करून प्रोफाइलच्या फोल्डरमधली हँडलर्स डॉट जेसन ही फाइल दुसरीकडे हलवा. उघडल्यावर ती नवी तयार होते.

पऱ्हाटी
यात भर. केंद्रात विंडोज १०चं जुनं मशीन असेल तर तिथं डिफॉल्ट ॲप्सच्या पानावर खाली 'प्रोटोकॉलनुसार निवडा' अशी ओळ आहे, तिच्यात मेलटू. विंडोजचं जुनं मेल ॲप ३१ डिसेंबर २०२४ पासून बंद आहे. लिंक अजून त्याच्याकडेच लावलेली असली तर ते उघडेल, पण मेल जाणार नाही.

आणि सरकारी साइटवर पत्त्यात कंसात 'ॲट', कंसात 'डॉट' लिहिलेलं असते. तो नुसता मजकूर आहे, लिंक नाही. त्यावर दाबून काही होत नाही म्हणून सेटिंग उकरत बसू नका. कॉपी करून हातानं दुरुस्त करा.

सेतू_घाटंजी
विंडोज अन् फायरफॉक्स झालं. तुमी म्हणता तसं चौकटीतून आउटलुकच उघडत होतं. क्रोमची नोंद काढली, तिथूनही आता थंडरबर्ड येते. मराठी मजकुराची लिंक तेवढी अजून मुकी आहे.

खुर्चीवरून
ती लांबीमुळे. लिंकमध्ये देवनागरी तशीच जात नाही. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्का-चिन्ह व दोन अंक-अक्षरं असा तीन चिन्हांत लिहिला जातो. म्हणजे एकाला नऊ. 'कापूस' घ्या: क, काना, प, ऊकार, स, हे पाच. लिंकमध्ये पंचेचाळीस. विंडोजवर क्रोम सुमारे दोन हजार चिन्हांपेक्षा लांब लिंक बाहेरच्या प्रोग्रामला देतच नाही, आणि तक्रारही करत नाही. म्हणजे विषय, पत्ता धरून मराठी मजकूर जेमतेम दोनशे चिन्हांचा. त्यात मात्रा मोजल्या की चार-पाच ओळीच बसतात.

मजकूर कापा. सातबारा, पिकाचं नाव, मोबाइल एवढीच शीर्षकं ठेवा, सूचना पानावर लिहा. रिकाम्या जागेसाठी टक्का-वीस वापरा, अधिक-चिन्ह नको. मेलच्या लिंकमध्ये अधिक म्हणजे अधिकच, कित्येक प्रोग्राम तसंच छापतात. नवी ओळ म्हणजे टक्का-शून्य-डी, टक्का-शून्य-ए, दोन्ही लागतात. फाइल जोडायची सोय या लिंकेत नाही, तिचा नाद सोडा.

लाइनचं म्हणता, तर लिहून झाल्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर दाबा. मेल आउटबॉक्समध्ये पडून राहते. नेट आलं की फाइल मेनूतून 'न पाठवलेल्या मेल पाठवा'.

पऱ्हाटी
थंडरबर्डमध्ये दोन खाती असतील तर लिंकवरून उघडलेली मेल डिफॉल्ट खात्यातून जाते. अकाउंट सेटिंग्जमध्ये कंपनीचं खातं निवडून खाली अकाउंट ॲक्शन्समधून ते डिफॉल्ट करून घ्या.