माउथपीस बदलण्यापूर्वी

सोप्रानो सॅक्सोफोनवर वरच्या सप्तकातील स्वर चढे लागतात म्हणून रुंद फटीचा (टोक आणि रीड, म्हणजे कंप पावणारी पातळ पट्टी, यांत जास्त अंतर असलेला) धातूचा माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, घ्यावा, असा सल्ला दिला जातो; तो मला पटत नाही. सोप्रानोवर फट जितकी रुंद, तितके ओठांवरचे नियंत्रण अवघड होते आणि मग रीडही नरम घ्यावी लागते. धातू की एबोनाइट (कडक रबर), हा प्रश्न त्यानंतरचा. स्वराचा पोत मुख्यतः आतील पोकळीच्या घडणीवर ठरतो. आधी नुसता माउथपीस रीड लावून फुंकून पाहावा आणि ट्यूनरवर (स्वराची उंची दाखवणाऱ्या यंत्रावर) पियानोच्या 'सी'च्या आसपास स्वर येतो का ते तपासावे, कारण तो बराच वर गेला तर दोष बहुधा ओठ आवळण्याच्या सवयीत असतो. नवीन घ्यायचाच झाल्यास सेल्मर कंपनीच्या एस-८० सी-स्टार या मॉडेलसारखा मध्यम फटीचा, अडीच क्रमांकाच्या (हा रीडच्या कडकपणाचा क्रमांक) रीडसह, आणि शक्यतो स्वतःच्या वाद्यावर वाजवूनच घ्यावा.