बाबांचं हार्मोनचं इंजेक्शन आणि घाम: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे, रामबागेत राहतो. बाबा ७४ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचलेला निघाला, म्हणून दर ३ महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन चालू आहे. सुरुवातीला बायकॅल्युटामाइडच्या गोळ्याही होत्या, कारण पहिल्या इंजेक्शननंतर टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आधी उसळतं, मगच खाली येतं. त्या उसळीचा परिणाम गोळीने रोखला जातो. या हार्मोनवरच कॅन्सर पोसतो, म्हणून त्याची रसद तोडायची. हे शोधणाऱ्या चार्ल्स हगिन्सना १९६६ साली नोबेल मिळालं. पीएसए (या कॅन्सरसाठी रक्तात तपासतात तो आकडा) छान उतरलाय, त्याची तक्रार नाही.

तक्रार घामाची. परवा पहाटे बनियन पिळावं इतका भिजलेला, पंखा पाचवर, आणि शेजारी आई शाल गुंडाळून बसलेली! "हा बायकांचा त्रास मला कुठून लागला?" म्हणून बाबा चिडतात. रविवारी पोहे-जलेबी आणायला स्वतः जायचे, तेही सोडलंय. डॉक्टर "होतं असं" म्हणून पुढच्या पेशंटकडे वळले.

कुणाच्या घरी हे इंजेक्शन चालू आहे का? घामावर काही औषध मिळालं का, की दिवसांनी आपोआप कमी झाला? यात हाडं ठिसूळ होतात म्हणे. तुमच्याकडे डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारा) कधी सांगितला? आणि बाबांना परत चालायला कसं बाहेर काढू?

काढे आणि इंजेक्शन बंद करायचे सल्ले मात्र नकोत, ते मावशीने आधीच भरपूर दिलेत.