मदत हवी आहे : सेकंडहँड फोर बाय फोर बघतोय, एक वळताना अडखळते आणि दुसरीचा दिवा मिचमिचतो

नमस्कार मंडळी,

घरात सहा जण. आम्ही दोघं, दोन मुलं (थोरला ९, धाकटी ३) आणि आई-बाबा. वर्षातून चार-पाच वेळा जिथे जावंच लागतं, तिथला शेवटचा अडीच किलोमीटर रस्ता कच्चा आणि चढाचा आहे. पाऊस झाला की नुसती चिकणमाती. गेल्या खेपेला आमची छोटी गाडी अर्ध्यातच रुतली आणि गुडघेदुखीवाल्या बाबांना दोन्ही बाजूंनी धरून वर न्यावं लागलं. तेव्हाच ठरवलं, आता चारही चाकांना ताकद असलेली गाडी घ्यायची. नवी परवडत नाही, म्हणून जुनी.

शोधून शोधून दोन उरल्यात. दोन्ही डिझेल, दोन्ही सात सीटर.

गाडी 'अ' ९ वर्षांची, १,१८,००० किमी, लॅडर फ्रेम (ट्रकसारख्या वेगळ्या सांगाड्यावर बसवलेली), मॅन्युअल गिअर. डॅशबोर्डवर टू एच (फक्त मागची दोन चाकं), फोर एच (चारही चाकं), फोर एल (चारही चाकं, हळू पण जास्त जोर) असा नॉब. मालकासमोर फोर एच लावलं तर हिरवा दिवा नुसता मिचमिचत राहिला. मालक म्हणाले, "आम्ही ते कधी वापरलंच नाही, त्यामुळे नव्यासारखं आहे."

गाडी 'ब' ६ वर्षांची, ७४,००० किमी, ऑटोमॅटिक. हिला नॉब वगैरे नाही. एरवी पुढची चाकं ओढतात आणि घसरायला लागली की मागची आपोआप कामाला लागतात. आतून इतकी स्वच्छ की बायको बसली ती उतरायलाच तयार नव्हती. पण पार्किंगमध्ये फुल कट मारून हळू फिरवली, तर मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी अडखळली आणि टायर किरकिरले. मालकाचं उत्तर : "फोर बाय फोर असंच असतं." पुढचे दोन टायर कोरे करकरीत आहेत, मागचे जुने.

मला गाड्यांतलं कळतं ते पंक्चर काढण्यापुरतं. यातली कुठली सोडून द्यावी? की दोन्ही? आणि मेकॅनिकला सोबत नेलं तर त्याला नेमकं काय बघायला सांगू?

प्रतिसाद

दादा, तुमच्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे. फक्त ते उलटं लागलंय.

'अ' गाडीतली यंत्रणा पार्ट-टाइम, म्हणजे चारही चाकं फक्त गरजेपुरती जोडायची. तिच्यात पुढच्या आणि मागच्या अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी) नसतं. फोर एच लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळात फिरतात, त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीत ती जरा घसरून हिशोब जुळवतात. कोरड्या डांबरावर घसरता येत नाही, म्हणून सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठतो आणि गाडी अडखळते. म्हणजे फोर एचमध्ये फुल कट मारल्यावर 'अ' अडखळली तर आनंद माना, यंत्रणा खरंच जोडली गेली आहे. (मुरमाड, सैल जमिनीवरच करा आणि दोन-चार मीटर पुरे. डांबरावर हा खेळ नको.)

'ब'चं नेमकं उलट. तिच्यात मागच्या डिफरन्शियलच्या अलीकडे तेलात बुडालेल्या प्लेट्सचा एक क्लच असतो. हॅलडेक्स हे त्यातलं प्रसिद्ध नाव, पण असे कपलिंग बऱ्याच कंपन्या वापरतात. कॉम्प्युटर हवा तेव्हा तो दाबतो, नको तेव्हा सोडतो. पार्किंगच्या वेगात, फुल कटवर, कोरड्या जमिनीवर तो सुटलेलाच असायला हवा. तुमच्याकडे तो सुटत नाहीये. कारण घाणेरडं तेल असेल, प्लेट्स चिकटल्या असतील किंवा कंट्रोलमध्ये बिघाड असेल. "असंच असतं" हे मालकाचं वाक्य खोटं नाही, फक्त ते दुसऱ्या गाडीबद्दलचं आहे.

आता टायर. हा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. समजा चाकाचा व्यास ७०० मिमी आहे. नव्या टायरची नक्षी ८ मिमी, जुन्याची ४. म्हणजे जुन्याचा व्यास ६९२ झाला. किलोमीटरभर जायला नवं चाक साधारण ४५५ फेरे मारतं, जुनं ४६०. दर किलोमीटरला पाच फेऱ्यांचा फरक, आणि तो सरळ रस्त्यावरही चालूच. गाडीला वाटतं एक जोडी सतत घसरतेय, मग बिचारा क्लच सतत मधे पडतो. दहा हजार किलोमीटर असे काढले की प्लेट्सचं काय होत असेल, कल्पना करा. म्हणून अशा गाड्यांना चारही टायर एकाच मापाचे, एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखेच झिजलेले लागतात. मालकाने दोनच बदलले म्हणजे एक तर त्याला हे माहीत नव्हतं, नाही तर खर्च टाळला. दोन्हीपैकी काहीही असलं, तरी कपलिंगचं तेल वेळेवर बदललं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. सर्व्हिसच्या बिलांमध्ये तेवढी एकच नोंद शोधा. बिलांची जाडजूड फाइल दाखवतील, त्यात नुसतं इंजिन ऑइल आणि वायपर असेल.

एक गोष्ट 'ब'च्या बाजूनेही सांगतो. कधीकधी नुसतं तेल आणि फिल्टर बदलून, मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या मारल्या की हे अडखळणं जातं. पण ते मालकाने आपल्या खर्चाने करून दाखवावं, तुम्ही त्याच्या भरवशावर पैसे मोजू नयेत.

प्रतिसाद

मुळात फोर बाय फोर हवीच का? वर्षातून चार-पाच वेळा लागणारा अडीच किलोमीटर रस्ता, आणि त्यासाठी वर्षभर जास्त वजन, जास्त डिझेल, दोन डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचं (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीचं) तेल. चांगल्या नक्षीचे टायर आणि जरा उंच गाडी एवढ्यावरही भागतं. आणि चार चाकं ओढतात म्हणून ब्रेक लवकर लागत नाही. उताराला पुढच्या चाकांवर चालणारी गाडी जेवढी घसरते तेवढीच हीही घसरते. हत्ती पोसायचा तर विचार करून पोसा.

धागाकर्ता

विचार केलाय हो. टायर बदलूनही एकदा अडकलोय. बाबांना पुन्हा त्या चिखलात चालवायचं नाही, एवढंच कारण पुरे आहे मला.

प्रतिसाद

दोन मुलं आणि दोन ज्येष्ठ असलेल्या घराची बाई म्हणून लिहिते. आमची गाडी घेताना नवरा बॉनेटखाली होता आणि मी आत. सगळ्यात कामाची गोष्ट मला आत सापडली.

सगळे सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. पुरात बुडालेली गाडी धुतात, सीट कव्हर बदलतात, सुगंधी काहीतरी लटकवतात, पण बेल्टचा आत गुंडाळलेला शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही. तिथे चिखलाची रेघ दिसली की सरळ घरी या. सीटच्या रुळांवरचा गंज बघा, कार्पेट उचलून बोट लावा, डिक्कीत स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचल्याच्या खुणा बघा. स्टेपनी बाहेर काढूनच, वरून नाही.

आणि बाबांना सोबत न्या. लॅडर फ्रेमच्या गाडीची पायरी उंच असते. माझ्या सासूबाई पहिले सहा महिने गाडीशी बोलत नव्हत्या. धाकटीची खुर्ची बसवायला आयसोफिक्सचे हुक कुठे आहेत आणि खुर्ची बसवल्यावर तिसऱ्या रांगेत माणूस जाऊ शकतो का, हेही तिथेच खुर्ची नेऊन बघा. आमच्याकडे नाही जाऊ शकत. आता थोरला डिक्कीतून चढतो.

प्रतिसाद

मेकॅनिकला काय सांगू, असं विचारलंय म्हणून. गॅरेज स्वतःचं आहे, त्यामुळे दोन शब्द जास्त होतील.

पहिलं म्हणजे इंजिन थंड हवं. जाण्याआधी फोन करून सांगा की गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम असेल तर चहा-पाणी घेऊन निघून या, दुसऱ्या दिवशी जा. डिझेलचे खरे रंग थंड स्टार्टलाच कळतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा थोडा वेळ चालेल, पण इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला आणि कूलंटची पातळी खाली असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या भागातल्या सीलचा) संशय घ्या. डिपस्टिकवर ऑइल खुणेच्या वर असेल तर खूश होऊ नका. पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातली काजळी अडवणारा) असलेल्या गाड्या फक्त जवळच्या जवळ फिरल्या की फिल्टर साफ होण्याचं चक्र अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं.

दुसरं स्कॅनर. पण नुसते कोड वाचून थांबू नका. येण्याआधी कोड पुसून ठेवणं दोन मिनिटांचं काम आहे. रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या पूर्ण झाल्यात का त्याची यादी. कोड नुकतेच पुसले असतील तर त्यातले बरेच 'अपूर्ण' दाखवतात. तिथे पाणी मुरतंय हे लगेच कळतं. खिशातला स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिन वाचतो, फोर बाय फोर आणि एबीएसचे मॉड्यूल वाचणारा न्या. चाकाचा एखादा स्पीड सेन्सर गेला तरी 'ब'सारख्या गाडीत मागच्या चाकांना ताकद मिळणं बंद होतं. आणि इग्निशन ऑन केल्यावर सगळे इशाऱ्याचे दिवे आधी लागायला हवेत, मग विझायला. जो लागलाच नाही त्याचा बल्ब कुणीतरी काढलाय.

तिसरं लिफ्ट. लिफ्टवर घेऊ देत नसतील तर व्यवहार तिथेच संपला. खाली गेल्यावर अॅक्सलचे रबरी बूट बघा. फाटलेल्या बुटातून ग्रीस उडून आजूबाजूला काळी नक्षी झालेली असते, आणि फुल कट मारला की कट-कट-कट आवाज येतो. शाफ्ट हाताने धरून हलवा, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यात) खेळ आहे का बघा. चॅसीवर ताजा काळा रंग मारलेला असेल तर मी स्क्रू ड्रायव्हरने ठोकून बघतो. गंजावर रंग मारला की आवाज बसका येतो. शेवटी दोन्ही डिफरन्शियलचे फिलर प्लग उघडायला लावा. तेल दुधाळ म्हणजे पाणी गेलंय. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप असतोच, पण चिमटीत येणारे तुकडे निघाले तर गिअर तुटतोय.

'अ'चा मिचमिचणारा दिवा एवढ्यात अपशकुन समजू नका. गिअरचे दात एकमेकांत नीट बसले नसतील तर गाडी चार-पाच मीटर सरळ पुढे-मागे केल्यावर तो स्थिर होतो. तरी नाही झाला तर मोटर, वायरिंग, स्विच, यापैकी काहीतरी. "कधी वापरलं नाही" हा गुण नाही, आजार आहे. न वापरलेली शिफ्ट मोटर (फोर एच-फोर एल बदलणारी) अडकते आणि तेल अडवणारी रबरी सील वाळतात. महिन्यातून एकदा सैल जमिनीवर किलोमीटरभर फोर एचमध्ये चालवावी, तेव्हा ती जिवंत राहते. फोर एल मात्र गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये.

अजून एक प्रश्न 'ब'च्या मालकाला सहज विचारा : गाडी कधी टोचन करून नेली होती का? दोन चाकं वर आणि दोन रस्त्यावर अशी नेली असेल, तर कपलिंगचं कोडं तिथेच सुटेल. अशी गाडी पूर्ण ट्रकवर चढवूनच न्यायची असते.

धागाकर्ता (आठ दिवसांनी)

सगळ्यांचे मनापासून आभार. वृत्तांत देतो.

'ब'च्या मालकाने लिफ्टला साफ नकार दिला. टोचनचं विचारलं तर म्हणाले, "एकदा नेली होती, पण ते जुनं झालं." बायकोला वाईट वाटलं. मला नाही.

'अ' लिफ्टवर घेतली. शिफ्ट मोटरच्या कनेक्टरवर हिरवट गंज चढला होता. साफ करून लावल्यावर दिवा लागला आणि टिकला. शेजारच्या मोकळ्या पटांगणात फोर एचमध्ये वळवली, अडखळली, आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो, मालक बघतच राहिले. फोर एलही पडला. पण पुढच्या डिफरन्शियलचं तेल दुधाळ निघालं. ब्रीदरची (डिफरन्शियलमधली हवा बाहेर सोडणारी) नळी निसटून लोंबत होती, पाणी तिथूनच गेलं असणार. चुंबकावर नुसता लेप, तुकडे नाहीत. सीटबेल्ट सगळे ओढून पाहिले, स्वच्छ आहेत. बाबा दोनदा चढले-उतरले, दाराच्या आतल्या हँडलला धरून जमतंय म्हणाले.

मालक किंमत कमी करायला तयार आहेत. दोन शंका उरल्यात. तेल एकदा बदलून पुरेल का? आणि स्टेपनी बाकीच्या चारांपेक्षा लहान मापाची निघाली, ती चालेल का?

प्रतिसाद

गॅरेजवाला पुन्हा. तेल दोनदा बदला. आत्ता एकदा, मग चार-पाचशे किलोमीटरने पुन्हा, कारण पहिल्या तेलात आतलं उरलेलं पाणी धुऊन निघतं. दुसऱ्या वेळचं तेल काचेच्या बरणीत रात्रभर ठेवून बघा. तेव्हाही दुधाळ असेल तर सील बदलायला लागेल. ब्रीदरची नळी मात्र आधी नीट बसवा, नाहीतर पहिल्याच डबक्यात सगळं मुसळ केरात.

स्टेपनी त्याच मापाची घ्या, हे पैसे किमतीतून वजा करून मागा. तोवर पंक्चर झालंच तर लहान स्टेपनी पुढे लावा, टू एचमध्येच राहा आणि हळू जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंत. मागे लावली तर डिफरन्शियल सारखं फिरत राहून तापेल. पुढचं चाक मागे आणि स्टेपनी पुढे, एवढी मेहनत भर रस्त्यात करावी लागली तरी करा.