मदत हवी आहे : 'डोया', 'केयी' म्हणणारे वऱ्हाडी आवाज

नमस्कार मंडळी. पॅरिसमध्ये १८८६ साली सुरू झालेली आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना आपल्या नियतकालिकात एकेका भाषेचे उच्चार नोंदवते. नमुना बहुतेकदा इसापच्या गोष्टीचा, उत्तरेचा वारा आणि सूर्य. त्याच धर्तीवर मला वऱ्हाडीची नोंद करायची आहे. माझी आजी डोळ्याला 'डोया' आणि केळीला 'केयी' म्हणायची. तिचा आवाज टिपायचा राहूनच गेला, फार खंत वाटते.

अकोला, अमरावती, यवतमाळकडे कुणाच्या घरी अजून असं बोलणारी वडीलधारी माणसं आहेत का? गोष्ट वाचलेली नको, आपल्या शब्दांत सांगितलेली हवी. छापील अक्षर समोर आलं की 'ळ' परत येतो. खोली शांत, पंखा बंद. व्हॉट्सॲपवरचा आवाज उच्चार तपासायला पुरतो का, हेही जाणकारांनी सांगावं.