स्टेअरिंगमधल्या ‘प्ले’ला काय म्हणायचं? वाव, ढील, झोल की आणखी काही?

शब्द हवा आहे, आणि तो उद्या-परवा वापरायचा आहे.

माझा भाचा सातवीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी त्यानं लेगोच्या ठोकळ्यांचा ट्रक केलाय आणि त्याचं स्टेअरिंग कसं सुधारलं हे मराठीत लिहायचंय. स्टेअरिंग रिकामंच हलायला लागलं की गॅरेजमध्ये आपण सगळे ‘स्टेअरिंगला प्ले आलाय’ म्हणतो. त्यानं ‘प्ले’चं सरळ ‘खेळ’ केलं आणि वाक्य झालं, ‘मी ट्रकमधला खेळ कमी केला.’ वाचणाऱ्याला वाटेल, पोरानं खेळणं बंद केलं. त्यातून लेगो हे नावच डॅनिश भाषेतल्या ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून आलंय. खेळण्याबद्दल लिहिताना ‘खेळ’ हा शब्द मोकळाच ठेवावा लागेल.

आधी वस्तू कशी आहे ते सांगतो, म्हणजे शब्द नेमका सुचवता येईल. केबिनच्या टपावर एक मूठ आहे. ती फिरवली की एक उभा दांडा फिरतो, त्याच्या तळाशी दातेरी चाकांची जोडी, मग पुढच्या चाकांपर्यंत जाणारा लांब आडवा दांडा, मग आणखी एक जोडी, आणि शेवटी आठ दातांचं लहान चाक एका दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवतं. पट्टी सरकली की दोन्ही चाकं वळतात. तक्रार अशी की मूठ घट्ट धरली तरी पुढचं चाक बोटानं हलवलं तर टायरची कड पाच मिलिमीटर इकडेतिकडे जायची. फरशीवर ढकलला की ट्रक सरळ न जाता एका अंगाला ओढायचा.

हे जे ‘रिकामं हलणं’ आहे, त्याला शब्द कोणता? मला ‘ढील’ सुचतो, पण मन भरत नाही. पतंगाला ढील देतो ती आपण देतो. कासरा ढिला सोडतो तोही आपणच. इथे कुणी काही सोडलेलं नाही. दातेरी चाकं नवी कोरी आहेत, झिजलेली नाहीत, तरी हलतात.

प्रतिसाद

पारिभाषिक शब्दच हवे असतील तर स्टेअरिंगला ‘सुकाणू’ आहे. मग ‘सुकाणूतील शैथिल्य’ म्हणता येईल.

मूळ लेखक

आभार, पण सुकाणू म्हटलं की मला नाव दिसते, मागे पाण्यात बुडालेली फळी दिसते. आपल्या जिल्ह्यात गळिताच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला ‘सुकाणू धर’ म्हटलं तर तो मागे वळून बघेल. स्टेअरिंग हा शब्द मराठीत रुळलाय, तो राहू द्या. आणि शैथिल्य शरीराला येतं, मनाला येतं, प्लास्टिकच्या चाकाला नको.

प्रतिसाद

दादा, माझे वडील सुतारकाम करायचे. दार बसवताना ते म्हणायचे, ‘पावसाळ्यात लाकूड फुगतं, वाव ठेव.’ वाव म्हणजे मुद्दाम राखलेली जागा. आता आपण ‘सुधारणेला वाव आहे’ एवढंच म्हणतो, पण शब्दाचा मूळ अर्थ जागाच. तुमच्या चाकांच्या दातांमध्ये जी फट आहे तिला वावच म्हणावं. वाव नसेल तर चाकं एकमेकांत अडकून बसतील ना?

मूळ लेखक

ताई, हा शब्द नेमका बसला. अगदी हेच होतं. ठोकळ्यांवर ज्या गोल टिकल्या वर आलेल्या असतात, त्यांतल्या शेजारच्या दोघींच्या मध्यांतलं अंतर 8 मिलिमीटर असतं, तेच एक घर. 16 दातांची दोन चाकं शेजारी लावली की त्यांच्या मध्यांत 16 मिलिमीटर, म्हणजे बरोबर दोन घरं. दात एकमेकांत शिरतात, पण थोडी फट राहते. ती फट कंपनीनं ठेवलेली आहे, म्हणून ती दोष नव्हे. दोष वेगळाच. अशा तीन-चार जोड्या एकामागे एक आल्या की प्रत्येकीचा वाव पुढच्या चाकापाशी एकत्र होतो. म्हणून मी आता लिहीन, ‘वाव साचतो.’ पाणी साचतं तसा.

सुधारणाही याच वाक्यातून निघाली. पहिलं म्हणजे जोड्या कमी केल्या. मधे एक दुमडणारा सांधा होता, तो गरज नसताना बसवलेला, काढून टाकला. दुसरं, दांड्याला एकाच बाजूनं आधार होता. जोर आला की दांडा वाकायचा आणि दात दातांवर चढायचे. दोन्ही बाजूंनी आधार लावला. तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडली. पट्टीजवळची शेवटची 16-16 ची जोडी काढून तिथे 8 आणि 24 ची बसवली. 8 आणि 24 च्या मध्यांतलं अंतरही दोनच घरं येतं, त्यामुळे चौकट हलवावी लागली नाही. लहान चाक मुठीकडून, मोठं पट्टीकडे. आता मागे जेवढा वाव साचलाय त्याचा तिसरा हिस्साच पुढे पोचतो. मूठ धरून चाक हलवलं तर टायरची कड पाचऐवजी दोन मिलिमीटरच हलते.

याची किंमतही आहे, ती भाच्याच्या वहीत लिहायला सांगितली. चाकं पूर्ण वळवायला मूठ आता तिप्पट फिरवावी लागते, आणि मुठीवरचा रिकामा फेरा थोडा वाढलाय. म्हणजे वाव चाकाकडून बघितला तर घटला, मुठीकडून बघितला तर वाढला. शब्द एकच असला तरी कुठून मोजला हे सांगायला हवं.

प्रतिसाद

मी पॉवरलूमवर जॉबर होतो, म्हणजे माग दुरुस्त करणारा, आता घरीच असतो. आमच्याकडं तीन शब्द होते, तिन्ही वेगळे. ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे धागे लोंबले की ‘झोल’. तो धाग्याला, कापडाला, दोरीला. लोखंडाला झोल म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. गिअर किंवा बुश झिजून हलायला लागलं की ‘ढील आली’. ढील येते, कालांतरानं. म्हणून नव्या चाकाला ढील म्हणू नका, तुमचं मन भरत नव्हतं ते बरोबरच होतं. आणि तिसरा शब्द तुम्ही कुणीच काढला नाही: पीळ. सुताला पीळ असतो तसा लांब दांडाही पिळतो. तुमचा तो आडवा दांडा प्लास्टिकचा ना? किती लांब आहे?

मूळ लेखक

काका, बारा घरं लांब, म्हणजे जवळजवळ दहा सेंटिमीटर. हो, प्लास्टिकचाच.

प्रतिसाद

मग एक करा. पुढची दोन्ही चाकं भाच्याला घट्ट धरायला सांगा आणि तुम्ही मूठ हळू फिरवा. सुरुवातीला हाताला काहीच न लागता जेवढी फिरेल तेवढा वाव. त्यानंतर हाताला जोर लागून जेवढी फिरेल आणि सोडल्यावर आपोआप मागं येईल, तेवढा पीळ. वाव मागं येत नाही, पीळ येतो. दांडा आखूड केला की पीळ कमी होईल, नुसते गिअर बदलून तो पुरता जायचा नाही.

मूळ लेखक

आत्ताच करून बघितलं. मुठीमागे कागदाची गोल चकती चिकटवून खुणा केल्या. वाव लागला आणि त्याच्यापुढे पीळही लागला, सोडल्यावर मूठ चकतीवर जिथे वाव संपला होता त्या दुसऱ्या खुणेपर्यंत परत आली. भाचा म्हणाला, ‘मामा, हे स्प्रिंगसारखं करतंय.’ ज्याला आम्ही इतके दिवस एकच दोष समजत होतो ते दोन निघाले, आणि दोघांना मराठीत वेगवेगळे शब्द आधीपासून होते.

वहीतलं वाक्य आता असं झालंय: ‘दातांमधला वाव साचून चाक हलत होतं, तो मी कमी केला. लांब दांड्याचा पीळ अजून बाकी आहे.’ दांडा आखूड करायचा तर इंजिनाचा ठोकळा मागे सरकवावा लागेल. ते रविवारी.

ताई, एक विचारायचं राहिलं. चाक ज्या उभ्या खुंटीवर वळतं, तिला गॅरेजवाले किंगपिन म्हणतात. आमच्या ट्रकमध्ये ती चाकापासून बरीच आत आहे, त्यामुळे टायरला जरा धक्का लागला की सगळं चाक झोका घेतं. तुमच्या वडिलांच्या हत्यारांत, दाराच्या बिजागरीत, अशा फिरत्या खुंटीला वेगळं नाव होतं का?

प्रतिसाद

दादा, जुन्या दारांना बिजागरी नसायचीच. दाराच्या फळीलाच वर-खाली गोल टोक काढायचे आणि ते चौकटीतल्या खळग्यात फिरायचं. त्याला वडील नुसतं ‘खुंटी’ म्हणत की दुसरं काही, ते आईला विचारून सांगते.