महायुद्धातली 'डक' विकायला आलीय, घ्यावी का? जाणकारांनी सल्ला द्या

मंदार_मिशिगन
नमस्कार मंडळी. मी मिशिगनमध्ये असतो, नोकरी गाड्यांच्याच धंद्यात पण मिलिटरी गाड्यांचा अनुभव शून्य. इथे एका शेतकरी आजोबांच्या शेडमध्ये जीएमसी या अमेरिकन कंपनीची डीयूकेडब्ल्यू उभी आहे, तीच ती डक, जमिनीवर ट्रक आणि पाण्यात बोट. आजोबा शेत विकतायत आणि भंगारवाला यायच्या आत कोणीतरी हौशी माणसाने न्यावी असं त्यांचं म्हणणं. इंजिन जाम आहे. दुसरा पर्याय म्हणजे डकमधून पर्यटकांना फिरवणाऱ्या, आता धंदा बंद केलेल्या एका टूरवाल्याची गाडी, ती एका स्टार्टरला चालू होते, परवापरवापर्यंत तलावात जात होती, पण किंमत ऐकून घाम फुटला. मी आणि एक मित्र मिळून घेणार. कुठली घ्यावी आणि बघायला जाऊ तेव्हा नेमकं काय तपासायचं? बायको म्हणते दोन्ही नको, तो पर्याय सोडून बोला :)

पाना_चौदा
डोळे झाकून शेडवाली घे. जाम इंजिनला घाबरू नकोस, ते जीएमसीचं २७० घनइंची, एका ओळीत सहा सिलिंडरवालं आहे, म्हणजे त्यांच्याच अडीच टनी सीसीकेडब्ल्यू ट्रकचं, आणि ते ट्रक पाच लाखांच्या वर बनले त्यामुळे पिस्टन, गॅस्केट, अख्खं इंजिनसुद्धा अजून मिळतं. फक्त स्टार्टर मारून जबरदस्ती करू नका, प्लग काढा, तेल सोडा, मुरू दे निवांत, मग हाताने हलतं का बघा. डक मात्र एकवीस हजारांच्या आसपासच बनल्या, त्यामुळे जे भाग फक्त डकचे आहेत ते असतील तर गाडीत खरा जीव. प्रॉपेलरचा गिअरबॉक्स, मागची रडर (सुकाणू), विंच, आणि चाकांना हवा नेणाऱ्या नळ्या. ड्रायव्हरला सीटवर बसून टायरची हवा कमीजास्त करता यायची, रस्त्यावर ४० पीएसआय आणि वाळूत उतरताना १०-१२ पर्यंत खाली, १९४२-४३ साली हे म्हणजे कमाल होती. टूरच्या गाड्यांत ह्या नळ्या बहुतेक वेळा काढून टाकलेल्या असतात, इंजिन डिझेल टाकलेलं, काहींची तर बॉडी मधून कापून लांब केलेली. ती डक राहिलेलीच नसते, तरंगणारी बस झालेली असते.

विहीर_आणि_पोहरा
चौदा नंबरशी सहमत नाही. मंदारला नोकरी आहे, बायको आहे, थंडीत तिकडे गॅरेजात हात गोठतात. पहिल्याच गाडीला सांगाडा घेतला की पाच वर्षं ताडपत्रीखाली राहतो आणि शेवटी तोच भंगारवाला येतो, असे कितीतरी प्रोजेक्ट बघितलेत. चालणारी घे, चालवत चालवत एकेक गोष्ट मूळ स्वरूपात आण. आणि टूरच्या गाडीचं एक आहे, तिची दरवर्षी तपासणी झालेली असते, कागद मागून बघ.

माझगाव_प्लेटर
मी गोदीत प्लेटर होतो, म्हणजे जहाजांचे पत्रे बसवणारा, आता रिटायर्ड. ट्रक मला कळत नाही, लोखंडी तळ कळतो. सगळे इंजिनाबद्दल बोलतायत, पण मंदार, तू आधी पत्रा बघ. ह्या गाडीचा पत्रा मुळातच दीड ते तीन मिलिमीटर, जहाजासारखी जाडी नाही, म्हणजे गंजायला शिल्लक काही नसतंच. मालाच्या खणातल्या तळाच्या पाट्या उचलायला लाव. खाली चिखल, पानं, जुनं ग्रीस असं थापून बसलेलं असेल, ते खरवडून काढल्याशिवाय मत देऊ नये. मग हातोडीने हलकेच वाजवत जा, चांगला पत्रा टणटण बोलतो आणि गेलेला भद्द करतो, रंग कितीही नवा असू दे. चॅसिस तळाच्या आतच बसवलेली असते ना, तर चॅसिस आणि पत्रा यांच्या मधली फट सगळ्यात वाईट, तिथे ब्रश जात नाही. पत्र्याची जाडी मोजणारा अल्ट्रासॉनिक थिकनेस गेज भाड्याने मिळतो, तो ने. आणि जुन्या पत्र्यावर वरून नवा पत्रा डकवलेला दिसला तर पैसे कमी कर, मधे पाणी साचून दोन्ही खातं. गेलेला भाग कापून तेवढाच तुकडा बसवायचा, आणि वेल्डिंग सलग ओढायचं नाही, थोडं इथे थोडं तिथे, नाहीतर पातळ पत्रा पापडासारखा वळतो.

मंदार_मिशिगन
काका, हे सोन्यासारखं सांगितलंत. आजोबा म्हणतात त्यांची गाडी समुद्रात कधी गेलीच नाही, फक्त इथल्या तळ्यांत. त्याने फरक पडतो का? आणि पुढे कधी मुलांना घेऊन पाण्यात न्यायची असेल तर?

माझगाव_प्लेटर
गोड्या पाण्याने फरक पडतोच, बराच. पण आजोबांवर नको, हातोडीवर विश्वास ठेव.

पाना_चौदा
मुलांचं विचारलंस म्हणून जरा गंभीर लिहितो. मे १९९९ मध्ये आर्कान्सॉत हॉट स्प्रिंग्जजवळ लेक हॅमिल्टनमध्ये एक टूरची डक बुडाली, २१ जणांतले १३ गेले. ड्राइव्हशाफ्ट जिथे तळातून बाहेर पडतो तिथलं रबरी बूट (पाणी आत येऊ न देणारं आवरण) निसटलं होतं, म्हणजे एका रबराच्या तुकड्यामुळे. वर छत होतं, माणसं त्याखाली अडकली. नंतर तपास करणाऱ्यांनी छत काढा, गाडी पाण्याने भरली तरी तरंगेल अशी सोय करा असं बजावलं. तरी जुलै २०१८ मध्ये मिझुरीत ब्रॅन्सनला वादळात दुसरी बुडाली, ३१ पैकी १७ गेले, छत तसंच. त्यामुळे टूरवाली घेतलीस तर छत पहिल्या दिवशी काढ. छताखाली लाइफ जॅकेट घालून बसलं तर जॅकेटच माणसाला वर दाबून धरतं, म्हणून छत नको आणि जॅकेट अंगात हवं, दोन्ही एकदम.

सगळी बूटं नवीन टाक. अंगठ्याने दाबून वळव, घडीत बारीक चिरा दिसल्या की गेलं ते, दिसायला काळंभोर असलं तरी. मूळ बिल्ज पंप (तळात साचलेलं पाणी काढणारे) प्रॉपेलरच्या शाफ्टवर चालायचे आणि पाणी जोरात फेकायचे, टूरवाल्यांनी कित्येक ठिकाणी ते काढून छोटे इलेक्ट्रिक पंप बसवले. मूळ पंप असेल तर जिवापाड जप.

विहीर_आणि_पोहरा
बरं, हे वाचून माझं मत अर्धं बदललं. पण अर्धंच.

इरावतीकाठ
विषयांतर होतंय पण राहवत नाही. ह्या गाडीचा आकार ठरवणाऱ्यांत शर्यतीच्या शिडाच्या बोटी बनवणारा रॉड स्टीफन्स होता, म्हणून ट्रक असून लाटेत बरी वागते. लष्कराला आधी ती नकोच होती, पण १९४२ च्या शेवटी अमेरिकेत केप कॉडच्या किनाऱ्यावर तटरक्षक दलाची बोट वादळात वाळूवर रुतली आणि प्रात्यक्षिकाला आणलेल्या डकने माणसं सोडवून आणली, मग सूर फिरला. सिसिली, नॉर्मंडी सगळ्यांना माहीत असतं, पण १९४५ मध्ये ब्रह्मदेशात इरावती नदी ओलांडतानाही ब्रिटिशांच्या चौदाव्या सैन्याकडे ह्या होत्या. मंदार, नंबरप्लेट आणि रंगाचे जुने थर घासण्याआधी फोटो काढ, खालच्या थरात युनिटच्या खुणा सापडतात.

पाना_चौदा
आणि वाहतुकीचा खर्च धर. साडेनऊ मीटर लांब, साडेसहा टन, साध्या टो ट्रकचं काम नाही, लोबेड (कमी उंचीचा मोठा ट्रेलर) लागेल. टायरचा साइज ११.००-१८, हा सहज मिळत नाही, म्हणून सहाच्या सहा आणि स्टेपनी नीट बघ. गाडी घेण्याआधी टीएम ९-८०२ हे अमेरिकन लष्कराचं डकचं मॅन्युअल मिळव, पाण्यातून बाहेर आल्यावर कुठे कुठे ग्रीस मारायचं ते त्यात आहे, आणि ती यादी वाचूनही गाडी घ्यावीशी वाटली तर घे. पाण्यात उतरवायची असेल तर बोट म्हणून नोंदणी वेगळी.

मंदार_मिशिगन
मॅन्युअल डाउनलोड केलं, यादी वाचली, बायकोला दाखवली नाही. शनिवारी जातोय आजोबांकडे, गेज बुक केला, हातोडी घेतलीय.

माझगाव_प्लेटर
गोल डोक्याची ने, टोकाची नको. आणि आजोबांना विचारून वाजव, गाडी अजून त्यांची आहे.