शब्दचर्चा : शाळेतील दवाखान्याचा ‘क्लेम’ म्हणजे दावा, देयक की मागणी?

फोंड्याहून

नमस्कार. माझी भाची अमेरिकेत असते. तिच्या मुलाच्या शाळेत एक दवाखाना चालतो आणि शैक्षणिक वर्षाच्या आरंभी त्या दवाखान्याने पालकांना एक चार पानी पत्रक दिले आहे. तेथील मराठी घरांत राहायला गेलेल्या आजी-आजोबांना ते वाचता यावे म्हणून मराठीत करण्याचे काम तिने माझ्यावर सोपवले, कारण आईवडील कामावर असताना दवाखान्याचा फोन घेणारी आणि टपालाने आलेले कागद उघडणारी माणसे बहुधा तीच असतात. आजारांची आणि लसींची नावे कुठेच अडली नाहीत. अडले ते सगळे पैशांच्या शब्दांवर.

माझा पहिला खर्डा असा होता : ‘शालेय आरोग्य केंद्र आपल्या विमा कंपनीस देयक सादर करून प्रतिपूर्ती प्राप्त करेल. दावा फेटाळला गेल्यास केंद्र पुढील कार्यवाही करेल.’ हा मजकूर मी आईला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग आपण किती भरायचे?’ मूळ पत्रकात तर पालकांना काहीही भरावे लागणार नाही, असेच सांगितलेले आहे. एकेक शब्द कोशात पाहिला तर बरोबर आहे, तरी वाक्य ऐकणाऱ्याला उलटा अर्थ लागला. हे कशामुळे झाले असावे आणि दवाखान्याने विम्याकडे पैसे मागण्याच्या ‘क्लेम’ला कोणता शब्द घ्यावा, यावर जाणकारांचे मत हवे आहे.

डिचोलीहून

आपल्या आईंच्या प्रश्नाचे मूळ ‘देयक’ या शब्दात आहे, असे मला वाटते. महाराष्ट्राच्या कार्यालयीन मराठीत हा शब्द दोन विरुद्ध दिशांना चालतो. ‘वीज देयक’ म्हटले की ते आपल्या दारात येते आणि पैसे आपण भरतो. पण सरकारी कर्मचारी ‘वैद्यकीय देयक सादर करतो’ तेव्हा कागद त्याच्याकडून निघतो आणि पैसे त्याच्याकडे येतात. ज्याचा जन्म कार्यालयात गेला त्याला दुसरा अर्थ सुचेल, इतरांना पहिला. ‘देय’ म्हणजे द्यावयाचे, एवढेच या शब्दात आहे. कोणी कोणाला द्यावयाचे, ते त्यात नाही. जिथे पैसे घेणारा दवाखाना, देणारी विमा कंपनी आणि वाचणारा तिसराच, अशा व्यवहारात दिशा न सांगणारा शब्द वापरला की वाचणारा देण्याचे ओझे आपल्याकडेच ओढून घेतो, आणि ते स्वाभाविक आहे.

‘प्रतिपूर्ती’चाही दोष तसाच आहे. प्रतिपूर्ती म्हणजे आधी खर्च झाला आणि मागाहून तो भरून मिळाला. अमेरिकेत दवाखान्याला विम्याकडून थेट मिळणाऱ्या पैशालाही हाच शब्द लावतात, आणि तो त्यांच्या हिशेबाच्या भाषेत रुळलेला आहे; मराठीत मात्र तो वाचताच आधी आपल्याला भरावे लागेल असे वाटते. येथे ‘सेवेचा मोबदला’ म्हणावे. मोबदला शब्दात देवाणघेवाण आहे, आगाऊ खर्च नाही.

‘शालेय आरोग्य केंद्र’ हेही मला खटकले. ‘शालेय’ म्हणजे शाळेचे आणि ‘शाळेतील’ म्हणजे शाळेत असलेले. आपल्या पत्रकातला दवाखाना शाळा चालवते की कोणी बाहेरची संस्था?

फोंड्याहून

आपला प्रश्न फार नेमका आहे. पत्रक पुन्हा पाहिले. दवाखाना एका रुग्णालयाने शाळेच्या इमारतीत चालवलेला आहे. अमेरिकेत या प्रकारचे बहुतेक दवाखाने समुदाय आरोग्य केंद्रे, रुग्णालये अशा बाहेरच्या आरोग्य संस्थाच चालवतात. शाळेची स्वतःची परिचारिका असते ती निराळी, आणि विशेष गरजा असलेल्या मुलांना शाळा ज्या उपचारसेवा पुरवते त्याही निराळ्या. हा भेद नुसता भाषेचा नाही. शाळेच्या परिचारिकेने ठेवलेली नोंद साधारणपणे शैक्षणिक नोंदींच्या १९७४ च्या कायद्याखाली येते, तर बाहेरच्या संस्थेच्या दवाखान्यातील नोंदीला बहुधा आरोग्यविषयक माहितीचा १९९६ चा कायदा लागू होतो. पालकांनी ‘शालेय’ वाचले तर मुलाचा आजार वर्गशिक्षकांपर्यंत जाणार, असा समज होऊ शकतो. म्हणून ‘शाळेतील दवाखाना’ हेच पक्के करतो. (‘आरोग्य केंद्र’ म्हटले की आपल्याकडे सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांपुढे येते, हेही एक कारण आहे.)

विम्याच्या बाजूची थोडी माहिती देतो, म्हणजे शब्द ठरवताना सर्वांना सोपे जाईल. मेडिकेड ही कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची योजना १९६५ साली सुरू झाली. तिचा खर्च संघराज्य सरकार आणि राज्ये मिळून करतात. विशेष गरजा असलेल्या मुलाच्या शिक्षण आराखड्यात लिहिलेल्या उपचारसेवांचे पैसे मेडिकेडने द्यावेत, ही वाट १९८८ च्या कायद्याने मोकळी झाली. इतर मुलांच्या बाबतीत मात्र पुष्कळ वर्षे एक अडथळा होता : जी सेवा सगळ्यांना मोफत दिली जाते तिचे पैसे, काही अपवाद सोडता, मेडिकेडकडे मागता येत नसत. डिसेंबर २०१४ मध्ये केंद्रीय यंत्रणेने हा नियम मागे घेतला. ‘मोफत’ या एका शब्दावर शाळांच्या पैशांचे गणित इतकी वर्षे अडून राहिले होते, म्हणून पत्रकात तो शब्द सरसकट लिहावा की नाही, याचीही मला शंका आहे.

म्हापशाहून

मी एका इस्पितळाच्या विमा खिडकीवर काम करते, म्हणून आमच्याकडे लोक काय बोलतात ते सांगते. ‘दावा’ हा शब्द मी छापील अर्जाबाहेर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. आमच्याकडे ‘क्लेम पाठवला’, ‘क्लेम परत आला’, ‘क्लेम पास झाला’ असेच म्हणतात. दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजना गोव्यात २०१६ साली आली. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण तिच्यात आहे. तेव्हापासून पेशंटच्या घरची माणसे सरळ म्हणतात, ‘ऑपरेशन कार्डावर झाले.’ त्या तीन शब्दांत कोणी पैसे मागितले, कोणी दिले आणि आपल्याला ते द्यावे लागले नाहीत, हे सगळे आले.

‘दावा फेटाळला’ हे आपण मुळीच लिहू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या कामात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. जन्मतारीख जुळली नाही, कार्डाचा एक अंक चुकला किंवा आजाराचा संकेतांक राहून गेला, तर क्लेम तपासला जाण्याआधीच परत येतो. दुरुस्ती करून तो पुन्हा पाठवला की काम होते. दुसरी गोष्ट म्हणजे क्लेम तपासून कंपनीने पैसे द्यायला नकार देणे, आणि तिथे फेरविचारासाठी कारणांसह लिहावे लागते. अमेरिकेतही या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, असे आमच्या प्रशिक्षणात सांगितले होते. पहिल्याला ‘परत आला’ आणि दुसऱ्याला ‘नामंजूर झाला’ असे लिहावे. क्लेम परत आला, एवढे ऐकून मुलाचे उपचार थांबवलेले आईवडील मी खिडकीसमोर पाहिले आहेत; तेव्हा चूक फक्त नावाच्या स्पेलिंगची होती, आणि ती दोन दिवसांत दुरुस्त झाली असती.

डिचोलीहून

म्हापशाच्या ताईंनी सांगितलेले मला पूर्ण पटते, आणि ‘दावा’ला लोकांची जीभ का वळत नाही, याचे कारण त्या शब्दाच्या वाटचालीत दिसते. तो अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला आणि कोर्टात स्थिरावला : दावा लावणे, दावा ठोकणे, दिवाणी दावा. तिथून तो वैराकडे गेला. ‘दावा साधणे’ म्हणजे सूड उगवणे. तेव्हा ‘दवाखाना आपल्या विम्यावर दावा करील’ हे वाक्य आजोबांनी वाचले तर नातवाच्या खोकल्यावरून कोर्टकचेरी लागली की काय, असे त्यांना वाटेल. विमा कंपन्यांच्या छापील कागदांत ‘दावा’ रूढ आहे आणि तेथे तो चुकीचा नाही, परंतु पालकांच्या पत्रकात त्याला जागा नसावी.

‘मागणी’ हा शब्दही मी तपासून पाहिला. ‘विम्याची मागणी’ म्हटले तर कोणाला तरी विमा हवा आहे असे वाटते, आणि ‘पैशांची मागणी’ हे शब्द वर्तमानपत्रात ज्या बातम्यांबरोबर येतात त्या चांगल्या नसतात. नाम म्हणून ‘क्लेम’ ठेवावे आणि तो समजावताना क्रियापद मराठी घ्यावे : ‘पैसे विमा कंपनीकडे मागू’. मराठीत पैशांच्या व्यवहाराचे शब्द बाहेरून येऊन घरचे झालेले आहेत. विमा आणि हप्ता फारसी आहेत, पगार पोर्तुगीज आहे. म्हापशाला ‘आझिलो’ इस्पितळात न्यायचे म्हणताना तो आसऱ्याचा पोर्तुगीज शब्द आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. ‘क्लेम’नेच तेवढे कोणते पाप केले आहे?

‘मोफत’बद्दल आपली शंका योग्य आहे. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येऊन मुलांची तपासणी करते, तेव्हा बिल नावाची गोष्टच निर्माण होत नाही. २०१३ पासूनच्या त्या कार्यक्रमाला ‘मोफत’ शब्द चपखल बसतो. तुमच्या दवाखान्यात मात्र सेवेला किंमत आहे आणि ती कोणीतरी देत आहे, फक्त पालक देत नाहीत. यासाठी मराठीत ‘पदरमोड’ हा फार नेमका शब्द आहे. ‘आपल्याला पदरमोड करावी लागणार नाही’ एवढे म्हटले की पुरे. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या सेवांबाबत अमेरिकेच्या कायद्यातही हीच हमी आहे : मेडिकेडसारख्या सार्वजनिक विम्याचा उपयोग करताना कुटुंबाला पदरचे काही द्यावे लागता कामा नये, त्याचा हप्ता वाढता कामा नये आणि त्या विम्याखालील मुलाचे आयुष्यभराचे संरक्षण घटता कामा नये. त्यासाठी पालकांची लेखी संमती आधी घ्यावी लागते. तेव्हा संमतीचे दोन भाग निरनिराळे लिहा. ‘उपचारास संमती’ वेगळी आणि ‘पैसे मागण्यासाठी माहिती देण्यास संमती’ वेगळी. एकाच सहीखाली दोन्ही घातल्या तर आजी-आजोबांना कशावर सही मागितली आहे ते कळणार नाही.

फोंड्याहून

सर्वांचे मनापासून आभार. नवा खर्डा देत आहे :

‘शाळेतील दवाखान्यात आपल्या मुलाला तपासल्यावर त्या सेवेचे पैसे आम्ही आपल्या विमा कंपनीकडे किंवा मेडिकेडकडे मागू. यालाच क्लेम म्हणतात. क्लेम आम्ही पाठवतो आणि पैसेही आम्हालाच मिळतात; आपल्याला पदरमोड करावी लागणार नाही. क्लेम परत आला तर दुरुस्त करून आम्ही तो पुन्हा पाठवू. नामंजूर झाला तरी आपल्या मुलाचे उपचार थांबणार नाहीत. पुढे विमा कंपनीकडून आपल्या घरी एक विवरणपत्र येईल. त्यावर मोठी रक्कम छापलेली दिसेल. हे बिल नाही.’

शेवटच्या वाक्यावर माझा विशेष भर आहे, कारण त्या विवरणपत्रावर हीच सूचना इंग्रजीत असते आणि तरीही माणसे घाबरून पैसे पाठवतात, असे भाचीने सांगितले. आईला हा खर्डा वाचून दाखवला. या वेळी तिने पैशांबद्दल काही विचारले नाही. ‘ते पत्र फाडायचे की ठेवायचे?’ एवढेच विचारले. ठेवायचे असते, म्हणून ‘जपून ठेवावे’ हेही वाढवले आहे.

म्हापशाहून

खर्डा वाचताक्षणी समजतो. एकच अक्षरबदल सुचवते. ‘हे बिल नाही’ऐवजी ‘हे बिल नव्हे’ असे लिहावे. समोरची वस्तू ती नाही, हे सांगायला ‘नव्हे’, आणि वस्तू मुळातच नाही, हे सांगायला ‘नाही’. पुष्कळ ठिकाणी बोलण्यात हा फरक आता पुसट झाला असेल, पण आपल्या गोव्यातल्या कानाला तो अजून स्वच्छ ऐकू येतो, कारण कोकणीत ‘बिल न्हय’ आणि ‘बिल ना’ ही दोन अगदी वेगळी वाक्ये आहेत. खिडकीवर बसून मी दिवसातून कितीतरी वेळा पहिले म्हणते, आणि समोरचा माणूस लगेच हातातले पाकीट परत खिशात ठेवतो.